मालवाहू डब्यातले थंडीचे बिऱ्हाड

मालवाहू ट्रेलर किंवा ट्रकचा बंद हौदा बांधला जातो तो मालासाठी. पोती, यंत्रांचे सुटे भाग, फळांचे क्रेट यांना थंडी वाजत नाही आणि श्वासही घ्यावा लागत नाही. त्याच डब्यात माणसांनी थंडीच्या दिवसांत मुक्काम करायचा ठरवले की तीन कामे करावी लागतात. आतली ऊब धरून ठेवायची, दमट हवा बाहेर घालवायची आणि ताजी हवा आत घ्यायची. पहिले काम सगळ्यांनाच सुचते आणि बहुतेक पैसाही त्यावरच खर्च होतो. डबा राहण्याजोगा होतो की नाही, हे मात्र उरलेल्या दोन कामांवर ठरते.

महाराष्ट्रात असे फिरते बिऱ्हाड मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळते ते आळंदीत. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे इ.स. १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली. त्या निमित्ताने कार्तिक वद्यात भरणारी यात्रा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, थंडी सुरू होताना येते. ज्येष्ठात आळंदीहून पंढरीला निघणारी पालखी पावसाची, तर ही वारी थंडीची. राज्यभरातून दिंड्या पायी येतात आणि त्यांच्याबरोबर सामानाचे ट्रक, टेम्पो नि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतात. धर्मशाळा आणि मठ भरले की मुक्काम राहुट्यांत आणि गाड्यांच्या हौद्यांत पडतो. हौद्यावर बांबूच्या किंवा लोखंडी पाइपच्या कमानी, त्यावर ताडपत्री, मागे फाळक्याला बांधलेला पडदा. अनेक ट्रकांत निम्म्या उंचीवर फळ्यांचा माळा ठोकलेला असतो. खाली शिधा, भांडी आणि वळकट्या, वर झोपण्याची जागा. पत्र्यावर आधी काड किंवा गोणपाट, त्यावर सतरंजी, अंगावर घोंगडी.

या मांडणीत शहाणपण आहे. झोपलेल्या माणसाची ऊब सर्वांत आधी खालचा गार पत्रा ओढून घेतो. काड आणि गोणपाट यांच्यात अडकलेली स्थिर हवा ती ओढ तोडते. खालचे सामानही एक थरच बनते. ताडपत्री मात्र वारा अडवते, थंडी नाही. कार्तिकातल्या निरभ्र रात्री ताडपत्रीचा वरचा पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. पहाटे माळ्यावर झोपलेल्याने हात वर केला की तळवा ओला होतो. ताडपत्रीच्या आतल्या अंगाला थेंब धरलेले असतात, कमानीच्या पाइपवर ते ओळीने लोंबत असतात आणि कुणी कड बदलून धक्का दिला की पांघरुणावर टपटपतात. ताडपत्री गळते म्हणून हे होत नाही. रात्रभर आत झोपलेल्यांच्या श्वासातून आणि अंगातून निघालेले ते पाणी असते. थंडीतल्या फिरत्या घराचा खरा शत्रू हाच.

ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून आणि खानदेशातून ट्रक-ट्रॅक्टरने निघतात आणि सारा हिवाळा पाचटाच्या नि ताडपत्रीच्या कोपीत काढतात. त्यांच्या पोरांना हीच ओल आणि हाच गारठा सोसावा लागतो. थंडीतल्या निवाऱ्याचे शास्त्र हौशी भटक्यांच्या कामाचे आहेच, पण त्याची सर्वाधिक गरज या माणसांना आहे.

भिंतींचा विचार करण्याआधी गाडीचा करावा लागतो. अमेरिकेत मोटारीमागे ओढायचा लहान बंद मालवाहू ट्रेलर सर्रास दिसतो आणि त्याचे घर करण्याची रीतही तिकडचीच. आपल्याकडे तसा ट्रेलर क्वचित दिसतो. इथे हाती येते ती ट्रॅक्टरची ट्रॉली, पिकअप, बंद कंटेनर बॉडीचा टेम्पो किंवा ‘छोटा हत्ती’. २००५ मध्ये पुण्यातूनच बाजारात आलेल्या या टाटा एसचा हौदा जेमतेम सात फूट लांब. उंच माणसाला पाय ताणून झोपायचे तर तेवढा जेमतेमच पुरतो. दोघांनी राहायचे, स्वयंपाक करायचा आणि पावसाळी दिवशी आत बसायचे, तर बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद डबा सोयीचा. चाकण, भोसरी, तळवडे, मरकळ या पट्ट्यात बॉडी बांधणारे, फॅब्रिकेशन करणारे आणि पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेल विकणारे असल्यामुळे असा डबा नव्याने बांधून घेणे जुन्याची डागडुजी करण्याइतकेच सोपे पडते.

कायद्याची बाजू पत्रा कापण्याआधी पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणेच वाचले. राहण्याजोग्या मोटार कॅरॅव्हॅनसाठी ‘एआयएस १२४’ हे वेगळे मानक आहे. त्यात बैठक आणि टेबल, झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा अपेक्षित धरली आहे. वाहनांची अधिकृत तपासणी करणाऱ्या दोन मोठ्या संस्था, एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी, याच परिसरात आहेत. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. तरीही आळंदीच्या माणसाला पहिला हेलपाटा एमएच १४ च्या परिवहन कार्यालयातच घालावा लागतो. नोंदणीत गाडीचा प्रकार बदलायचा की आतली मांडणी फक्त सुट्या सामानासारखी ठेवायची, हे तिथे विचारून घ्यावे आणि विमा कंपनीलाही कळवावे. एक गोष्ट कागदपत्रांपलीकडची आहे. चालत्या ट्रेलरमध्ये किंवा मालवाहू हौद्यात माणसे बसवू नयेत. ते बेकायदा आहेच, पण आतला माणूस एका जोरदार ब्रेकने दगावू शकतो.

आता भिंती. १२ फूट लांब, ६ फूट रुंद आणि साधारण सहा फूट उंच डब्याच्या चार भिंती, छत आणि तळ मिळून सुमारे साडेतेहतीस चौरस मीटर पृष्ठभाग होतो. एकेरी पत्र्याच्या एक चौरस मीटरमधून, आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना, साधारण साडेपाच वॅट उष्णता निसटते. आळंदीच्या थंड रात्री बाहेर १० अंश आणि आत २० अंश सेल्सिअस धरले, तर नुसत्या पत्र्याच्या डब्यातून १८०० वॅटहून अधिक उष्णता जाते. म्हणजे मोठा विजेचा हीटर रात्रभर चालवला तरी तो जेमतेम पुरेल. त्याच डब्याला आतून सगळीकडे ५० मिलिमीटर जाडीचा पफ लावला की हा आकडा सुमारे १५० वॅटवर येतो. झोपलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण ७० ते ८० वॅट उष्णता निघते. दोघांची मिळून दीडशे. हिशेबातून फटी, खिडकी आणि हवेची येजा वगळली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात तापमान काही अंशांनी उतरेल. पण पुणे जिल्ह्यातल्या नेहमीच्या थंडीत नीट बांधलेल्या डब्याला शेगडीची गरज पडत नाही, हे यातून स्पष्ट होते. पुण्यात नोंदलेले सर्वांत कमी तापमान १.७ अंश आहे, तेही जानेवारी १९३५ मधले. निफाडची किंवा वेण्णा तलावाकाठची कडाक्याची रात्रही दोन चांगल्या रजयांवर निघते. स्पिती किंवा लेहला बाहेर उणे दहा असताना मात्र आत १५ अंश राखायला भिंतींपोटी सुमारे पावणेचारशे वॅट आणि ताज्या हवेपोटी अडीचशे वॅट लागतात. फटी आणि खिडक्या धरून एक किलोवॅटचा बंदोबस्त ठेवावा. पफ नसता तर भिंतींसाठीच साडेचार किलोवॅट लागले असते.

थर कशाचा घालायचा, याची उत्तरे बाजारात बरीच आहेत, पण सगळी सारखी नाहीत. थर्माकोल स्वस्त आहे, पण तो पफच्या दीडपट जाड घालावा लागतो. काचतंतू किंवा रॉकवूल आगीला चांगले, पण पाणी धरले की निकामी होतात आणि गाडीच्या हादऱ्यांनी खाली बसतात. वर्षातले चार महिने पाऊस सोसणाऱ्या गाडीला बंद पेशींचा फेस, म्हणजे पफ किंवा एक्सपीएसचे तक्ते, पत्र्याला पूर्ण चिकटवून लावणे सर्वांत सुरक्षित. पत्रा आणि तक्ता यांच्यात पोकळी राहिली तर आतली वाफ तिथे जाऊन पाणी होते आणि दोन वर्षांत पत्रा आतून सडतो. फेस पेटतो आणि विषारी धूर सोडतो. म्हणून तो उघडा ठेवू नये, त्यावर आग न धरणारा बोर्ड लावावा आणि दाराशेजारी अग्निशामक टांगावा.

सर्वाधिक चुका सांगाड्यात होतात. डब्याच्या भिंतीला दर दीड-दोन फुटांवर लोखंडी चौकोनी पाइप किंवा अँगल असतो. कारागीर दोन पाइपांच्या मध्ये पफ बसवतो आणि पाइपांवरच स्क्रूने प्लाय ठोकतो. लोखंडातून उष्णता पफपेक्षा दोन हजार पट सहज वाहते. त्यामुळे बाहेरच्या पत्र्यापासून आतल्या प्लायपर्यंत थंडीला सरळ वाट मिळते. अशा डब्यात पहाटे बोट फिरवले तर पाइप कुठे आहेत ते न पाहता कळते. प्लाय तिथेच गार आणि ओला लागतो, काही महिन्यांनी तिथेच काळ्या बुरशीच्या उभ्या रेघा उमटतात. उपाय साधा आहे. पाइपांच्या मधला पफ झाल्यावर पाइपांवरूनही निदान दहा-वीस मिलिमीटरचा एक सलग थर फिरवायचा आणि मग प्लाय लावायचा. आतली दोन-दोन सेंटिमीटर जागा जाते, ती जाऊ द्यावी.

फळे, दूध आणि औषधे नेणारी रीफर बॉडी हा तयार डबा कधी कधी वापरलेल्या अवस्थेत मिळतो. फायबरच्या दोन पत्र्यांमध्ये ७५ ते १०० मिलिमीटर पफ आणि आत लोखंडी सांगाडा जवळपास नाही. गारवा आत धरायला केलेली भिंत तितक्याच निष्ठेने थंडी बाहेर धरते. पण हा डबा हवाबंद असतो. त्यात झरोके पाडल्याशिवाय आणि दार आतून उघडणारी कडी नीट चालते हे तपासल्याशिवाय एक रात्रही झोपू नये.

खिडकीबाबत हात आखडता घ्यावा. दोन चौरस मीटर एकेरी काच बसवली, तर पफ लावलेल्या साऱ्या पृष्ठभागातून जेवढी उष्णता जाते तिच्या पाऊण पट तेवढ्यातूनच जाते. दुहेरी ॲक्रिलिकची एक लहान खिडकी, रात्री आतून अडकवायला फेसाचा कापून ठेवलेला तुकडा आणि छताला झरोका, एवढे पुरे.

आता पुन्हा थेंबांकडे यावे लागते. वरच्या मापाच्या डब्यात सव्वाबारा घनमीटर हवा मावते. १८ अंशांना ती फार तर १९० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. झोपलेली दोन माणसे तासाला साधारण ८० ग्रॅम वाफ सोडतात. संध्याकाळी हवा निम्मी भरलेली असेल, तर डबा घट्ट बंद केल्यावर सव्वा तासात ती तुडुंब होते. त्यानंतर रात्रभर जे पाणी निघते ते भिंतींवर, गाद्यांखाली आणि कपाटामागे बसते. सकाळपर्यंत अर्धा लिटर सहज. गॅसवर चहा केला तर त्यात भर पडते, कारण १०० ग्रॅम एलपीजी जळताना दीडशे ग्रॅमहून अधिक पाणी तयार होते आणि भांड्यातली वाफ वेगळीच. म्हणून दोन झरोके हवेत, एक तळाशी आणि एक छताशी, दोन्ही रात्रभर उघडे. छताच्या झरोक्यात संगणकातला १२ व्होल्टचा पंखा हळू चालवला तर दोन-तीन वॅटमध्ये काम होते. दोघांसाठी तासाला २५ ते ३० घनमीटर हवा बदलली पाहिजे.

इथे एक गोष्ट अनपेक्षित वाटेल. दमटपणा घालवणे स्पितीपेक्षा आळंदीत अवघड आहे. उणे दहा अंशांच्या हवेत घनमीटरला दोन ग्रॅमच पाणी असते. ती आत येऊन तापली की कोरडी ठणठणीत होते आणि भराभर ओल उचलते. इंद्रायणीकाठच्या दहा अंशांच्या हवेत आधीच सहा-सात ग्रॅम पाणी असते, त्यामुळे तेवढेच काम करायला ती जास्त लागते. ‘आपल्याकडे कुठे एवढी थंडी’ म्हणून झरोका बंद करणाऱ्याच्या गाद्यांना म्हणूनच लवकर बुरशी धरते.

शेगडीचा विषय जिवाशी आहे. कोळशाची शेगडी किंवा सिलिंडरवरचा गॅस हीटर बंद खोलीत ठेवून झोपल्यामुळे दर हिवाळ्यात माणसे मरतात. जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. फिरत्या घरात उघडी ज्योत फक्त स्वयंपाकापुरती, झरोके उघडे ठेवून आणि जागेपणी. ऊब हवीच असेल तर ज्याचा अग्नी बंद कप्प्यात जळतो, जळायची हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो, असा डिझेल हीटर बसवावा. दोन किलोवॅटचा हीटर मंद आचेवर तासाला शंभर-दीडशे मिलिलिटर डिझेल खातो. त्याची धुराची नळी डब्याच्या तळाखालून, खालच्या झरोक्यापासून दूर, उलट्या बाजूला काढायची. आणि एवढे करूनही उशीच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा लावायचा. तो हजार-दोन हजारांचा खर्च टाळायचा नाही.

एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस जमिनीवर साठतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशीच बाहेर उघडणारे भोक हवे. कडाक्याच्या थंडीत घरगुती गॅस दगाही देतो. त्यातला ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही, त्यामुळे सिलिंडर भरलेला असून ज्योत मरगळते. डिझेलचेही तेच. थंडीत त्यातले मेण गोठून नळ्या तुंबतात. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले ते याचमुळे. चाकणला टाकी भरून लेहला गेलेल्याने ती वाटेत रिकामी होऊ द्यावी आणि वरती तिथलेच डिझेल घ्यावे.

विजेचा हिशेब नेहमी उष्णतेपाशी अडतो. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिट वीज मावते. एक किलोवॅटचा हीटर ती सव्वा तासात संपवतो. डिझेल हीटरचा पंखा, झरोक्याचा पंखा, दोन एलईडी दिवे आणि फोन मिळून मात्र रात्रीला पाव-अर्धे युनिट लागते, म्हणजे तीच बॅटरी तीन रात्री पुरते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली की कायमची खराब होते, म्हणून ती डब्याच्या आत, पलंगाखाली उबेत ठेवावी.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि नळ, पंप, सांधे फोडते. टाकी आणि नळ्या सगळ्या आत असाव्यात, उतार एका दिशेने असावा आणि शेवटी एकच तोटी असावी, म्हणजे मुक्काम हलवताना सगळे पाणी एकदम सोडता येते. वीस लिटरचे दोन कॅन आणि एक तोटी हा त्याहून सोपा मार्ग आहे. थोड्या दिवसांच्या प्रवासाला तोच बरा.

वजनाकडे लक्ष शेवटी जाते, जायला हवे सुरुवातीला. साऱ्या डब्याला लागणारा पफ भरतो साधारण ७० किलो. आठ बाय चारचा १८ मिलिमीटरचा एकच प्लाय तीस किलोंच्या वर जातो. घरातल्यासारखी कपाटे केली की दहा-बारा तक्ते कुठे गेले कळत नाही आणि साडेतीनशे किलो वाढलेले असतात. माळ्यासाठी जाड प्लाय, बाकी सगळीकडे सहा मिलिमीटरचा प्लाय आणि ॲल्युमिनियमचे पाइप, असे करावे. ट्रेलर असेल तर जड वस्तू ॲक्सलच्या थोड्या पुढे ठेवाव्यात आणि एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. तो कमी पडला तर घाट उतरताना ट्रेलरचे शेपूट डोलू लागते. भरलेली गाडी निघण्याआधी एकदा वजनकाट्यावर घालून पावती आरसी बुकातल्या आकड्याशी ताडून पाहावी.

असे घर बांधून झाले तरी वर्षातले दहा महिने ते उभेच असते आणि त्यातले चार पावसाचे. छताचे सांधे आणि रिव्हेट मे महिन्यातच पाहून घ्यावेत, तडकलेले सीलंट खरवडून नवे भरावे. गाडी पुढच्या बाजूला किंचित उतरती उभी करावी, म्हणजे छतावर तळे साचत नाही. गाद्या उभ्या ठेवाव्यात, कपाटांची दारे उघडी टाकावीत, झरोक्यांना पावसाची झडप लावून ते उघडेच ठेवावेत. बॅटरी निम्मी भरलेली ठेवून जोडणी काढावी, गॅसचा सिलिंडर घरी न्यावा आणि डिझेल हीटर महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटे पेटवावा, नाहीतर नळीत काजळी घट्ट बसते.